किल्ल्या कुठे टांगल्या होत्या

आमच्या माजघराच्या भिंतीवर एक आडवी फळी आहे आणि तिला ठोकलेल्या खुंट्यांवर सात घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असतात. आंजर्ल्याच्या खाडीपासून थोड्या आत असलेल्या आमच्या वाडीत ही सातही घरे वर्षातले अकरा-साडेअकरा महिने कुलूपबंद असतात. त्यांचे धनी मुंबई, विरार, डोंबिवली अशा ठिकाणी पांगलेले आहेत आणि गणपतीला, फार तर शिमग्याला, येऊन किल्ली मागून नेतात. प्रत्येक किल्लीला सुताने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला आहे आणि त्यावर माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, वळणदार अक्षरात घराचे नाव लिहिलेले आहे. मामंजी गेले तरी पुठ्ठे बदलावेत असे कुणाला वाटलेले नाही.

या सातही घरांची बारीकसारीक कामे हळूहळू माझ्याकडे आली. कुणाचे वीजबिल, कुणाची घरपट्टी, कुणाचा विम्याचा हप्ता, कुणाच्या सातबाऱ्याचा उतारा, अशी ही कामे पडवीतल्या संगणकावर बसून मी दुपारच्या निवांत वेळात करते. त्यासाठी लागणारी खाती आणि पासवर्ड ब्राउझरने साठवून ठेवलेले होते. बँकेचा पासवर्ड मात्र मी कुणाचा घेतला नाही, देऊ केला तरीही. तेवढी एक मर्यादा मी पहिल्यापासून पाळली. आमचे स्वतःचे पासवर्ड, बँकेसकट, अर्थातच त्याच ब्राउझरमध्ये होते. ‘पासवर्ड साठवू का?’ असे तो विचारतो आणि आपण ‘हो’ म्हणतो, त्या एका क्षणापलीकडे या व्यवहाराकडे मी कधी लक्ष दिलेले नव्हते. तो नेमका कुठे साठवतो, कशात साठवतो, हे ठाऊक असण्याची गरज मला पंधरा वर्षांत एकदाही भासली नव्हती.

2025 च्या जूनमध्ये ती भासली. पाऊस चांगलाच लागला होता. एका रात्री वाऱ्याने कुठेतरी झाड तारांवर पडले असावे. लाईट तीनदा गेली आणि तीनदा आली, चौथ्यांदा गेली ती सकाळपर्यंत आली नाही. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली होती आणि ती बदलायची आहे ही गोष्ट दर पावसाळ्याच्या तोंडावर आठवून दर पावसाळ्यात विसरली जात होती. सकाळी संगणक सुरू केला तर निळा पडदा, त्यावर काही ओळी, मग पुन्हा पहिल्यापासून तेच. ह्यांनी तो खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळला, रिक्षाने दापोलीला नेला आणि दोन दिवसांनी परत आणला. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने फोनवर सांगितले, “काकू, विंडोज नवीन टाकलीय, पण फॉरमॅट नाही मारलं.” यातले पहिले वाक्य मला समजले आणि दुसरे मी सोडून दिले. पुढच्या सगळ्या गोष्टीचा जीव त्या दुसऱ्या वाक्यात होता.

फायरफॉक्स, म्हणजे माझा ब्राउझर, उघडला तो पाहुण्यासारखा. स्वागत केले, ओळख करून दिली, रंग कोणता हवा म्हणून विचारले. वरच्या पट्टीवर ओळीने लावून ठेवलेली संकेतस्थळे नव्हती. पासवर्डांच्या पानावर गेले तर ते पान अगदी कोरे होते. त्यातून दिवस असे होते की थांबायला सवड नव्हती. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते, म्हणजे 25 ऑगस्टच्या गाडीची तिकिटे 26 जूनला सकाळी खुली होणार होती आणि डोंबिवलीच्या भाऊजींची पाच माणसे खेडला उतरायची होती. गणपतीच्या गाड्या किती मिनिटांत भरतात हे कोकणात कुणाला सांगायला नको. त्यामुळे घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केले. ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर क्लिक करून रेल्वेचा पासवर्ड बदलला, त्याच झपाट्यात आणखी दोन ठिकाणचे बदलले, आणि चौथ्या ठिकाणी ओटीपी विरारच्या जाऊबाईंच्या मोबाईलवर गेला तेव्हा थांबले, कारण त्या फोन उचलत नव्हत्या.

पुण्याला असलेल्या पुतण्याला फोन लावला. त्याने माझे रडगाणे अर्ध्यावर तोडले आणि म्हणाला, “काकू, आधी ब्राउझर बंद कर. आणि मी सांगेपर्यंत काहीही दाबू नकोस.” मग त्याने एकच प्रश्न विचारला, जो मला तेव्हा फालतू वाटला आणि आता मी प्रत्येकाला तोच पहिला विचारते: फक्त पासवर्ड गेले आहेत, की बुकमार्कही गेले आहेत?

या प्रश्नाने सगळे प्रकरण उभे दुभंगते. पासवर्डांबरोबर बुकमार्क, इतिहास, मांडणी असे सारेच नाहीसे झाले असेल तर बहुतेक वेळा काहीही पुसले गेलेले नसते; ब्राउझर फक्त दुसऱ्याच घरात शिरलेला असतो. फायरफॉक्स आपला सगळा संसार एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि त्याला ‘प्रोफाइल’ म्हणतो. या फोल्डरच्या नावात आधी आठ अक्षर-आकड्यांची निरर्थक माळ असते आणि टिंबानंतर ‘डीफॉल्ट-रिलीज’ असे काहीतरी असते. कोणत्या घरात शिरायचे हे ‘प्रोफाइल्स डॉट आयएनआय’ नावाच्या एका छोट्याशा फाइलीवरून ठरते. मे 2019 मध्ये आलेल्या 67 व्या आवृत्तीपासून संगणकावरच्या प्रत्येक स्वतंत्र फायरफॉक्सला स्वतःचे वेगळे प्रोफाइल मिळू लागले, त्यामुळे तोच ब्राउझर वेगळ्या जागी पुन्हा बसवला तरी तो कोऱ्या घरात उघडू शकतो आणि जुने घर शेजारीच, जसेच्या तसे, कुलूप लावून उभे असते. तशा वेळी पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट कोलन प्रोफाइल्स’ असे लिहिले की सगळ्या घरांची यादी येते आणि जुने घर पुन्हा नेहमीचे म्हणून निवडता येते. एवढे करूनच कित्येकांचे हरवलेले सारे परत आलेले आहे. उलट, बुकमार्क जागच्या जागी आहेत आणि फक्त पासवर्ड नाहीत अशी स्थिती असेल तर घर बरोबर आहे, आतला एखादा डबा बिघडला आहे असे समजावे. त्याकडे नंतर येते, कारण माझ्या नशिबी आधी एक आणि मग दुसरे असे दोन्ही आले.

माझ्या यादीत एकच प्रोफाइल दिसत होते, आजच जन्मलेले. विंडोजच नवीन होती तेव्हा जुने घर तिच्या हद्दीत असणार कसे? तिथे दापोलीच्या मुलाचे ते दुसरे वाक्य उपयोगी पडले. फॉरमॅट न करता, म्हणजे जुने सगळे पुसून न टाकता, त्याच जागी विंडोज नव्याने टाकली की जुना सगळा पसारा ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलून ठेवला जातो आणि साधारण 10 दिवसांनी विंडोज तो आपण होऊन काढून टाकते. पुतण्याने विचारले, “टाकून किती दिवस झाले?” तिसरा दिवस होता. चार-सहा दिवस मी ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक करत बसले असते आणि मग गणपतीच्या तयारीला लागले असते, तर ते फोल्डर मला न सांगताच गेले असते.

त्या फोल्डरात उतरणे हे कुलूपबंद घरात पावसाळ्यात शिरण्यासारखे होते. विंडोज डॉट ओल्ड, त्यात यूजर्स, त्यात आमचे नाव, आणि पुढे वाट संपल्यासारखी दिसते, कारण ‘ॲपडेटा’ हे फोल्डर लपवलेले असते आणि लपवलेल्या वस्तू दाखवा असे व्ह्यूमध्ये जाऊन सांगावे लागते. मग रोमिंग, मग मोझिला, मग फायरफॉक्स, मग प्रोफाइल्स. वाटेत दोनदा परवानगी नाही म्हणून संगणकाने अडवले आणि दोनदा ‘पुढे चला’ म्हटल्यावर सोडले. शेवटी दोन फोल्डर समोर आले. त्यातले एक जवळपास रिकामे होते. दुसऱ्यात शेकडो मेगाबाइट भरलेले होते आणि त्याची शेवटची तारीख लाईट गेली त्या रात्रीची होती. कोणत्या घरात माणसे राहत होती हे अंगणावरून कळते, तसे ते कळले.

आता खरी चूक मी केली. पुतण्या कामात होता, त्याने मेसेज पाठवला होता की साठवलेले पासवर्ड ‘लॉगिन्स डॉट जेसन’ या फाइलीत असतात. मेसेज पुढेही होता, पण मी एवढेच वाचले. नव्या फायरफॉक्सचे फोल्डर शोधले (‘अबाउट कोलन सपोर्ट’ या पानावर प्रोफाइल फोल्डर उघडण्याचे बटण असते), ब्राउझर बंद केला, जुन्या घरातली ती एक फाइल उचलून नव्या घरात ठेवली आणि मोठ्या आशेने फायरफॉक्स उघडला. पासवर्डांचे पान पूर्वीइतकेच कोरे होते.

फाइल तर भरलेली होती. ती नोटपॅडमध्ये उघडली तर एकही ओळ न मोडता सलग धावत गेलेला मजकूर दिसला. त्यात संकेतस्थळांची नावे अगदी उघड, साध्या अक्षरांत होती: वीजबिलाचे, रेल्वेचे, विम्याचे, बँकेचे. त्यांच्यापुढे वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड यांच्या जागी मात्र अर्थ नसलेल्या अक्षरांच्या लांबलचक माळा होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक माळेची सुरुवात त्याच त्याच अक्षरांनी होत होती. मला वाटले, सगळ्यांचा पासवर्ड एकच झाला की काय! रात्री पुतण्याने समजावले की सारखी सुरुवात म्हणजे लखोट्यावरचा छापील मजकूर आहे, आतले पत्र प्रत्येकाचे वेगळे आहे. आणि हे लखोटे उघडणारी किल्ली त्या फाइलीत मुळीच नसते. ती ‘की-फोर डॉट डीबी’ नावाच्या वेगळ्या फाइलीत असते. 2018 पूर्वीच्या फायरफॉक्समध्ये तिचे नाव ‘की-थ्री’ होते. प्रत्येक प्रोफाइलची किल्ली वेगळी, त्यामुळे नव्या घराच्या किल्लीने जुन्या घराचा डबा उघडत नाही, आणि न उघडणाऱ्या नोंदी फायरफॉक्स दाखवतच नाही. तो ‘किल्ली चुकली’ असे ओरडत नाही. कोरे पान दाखवून गप्प राहतो. मला हा त्याचा स्वभाव अजिबात आवडलेला नाही. कुलूप उघडत नाही म्हणून दारातून परत फिरणे आणि घरच नाही असे समजून परत फिरणे यात किती फरक आहे, हे सात घरांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईला तरी सांगायला नको.

त्या दुपारी मात्र मला हे काहीच ठाऊक नव्हते आणि मी ती सलग ओळ वाचत बसले होते. वाचता वाचता दिसले की प्रत्येक नोंदीत आणखी काही आकडे उघडपणे लिहिलेले आहेत: ही नोंद कधी तयार झाली, कधी शेवटची वापरली, आणि किती वेळा वापरली. विम्याचे खाते 31 वेळा. वीजबिल 174 वेळा. मध्येच मामंजींच्या ईमेलची नोंद आली. संगणक आणल्यावर पहिल्यांदा त्यांनीच हौसेने खाते काढले होते; मुंबईच्या आणि अमेरिकेच्या भाचरांना ते मराठीतून लांबलचक पत्रे लिहीत आणि कुणाचे उत्तर चार ओळींचे आले की दिवसभर कुरकुरत. ती नोंद 211 वेळा वापरलेली होती. शेवटच्या वापराच्या जागी 1591108200000 असा तेरा आकडी अंक होता.

हा अंक म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून लोटलेले मिलिसेकंद, असे पुतण्याने रात्री सांगितले, आणि मी कॅलक्युलेटर घेऊन बसले. हजाराने भागले, मग दिवसाच्या 86400 सेकंदांनी भागले. 18415 दिवस आणि वर काही तास आले. 2020 चे वर्ष उजाडेपर्यंत 18262 दिवस होतात. उरलेले 153 दिवस मोजत गेले तेव्हा 2 जून 2020 ही तारीख आली, आणि आपल्या घड्याळाप्रमाणे वेळ रात्री आठची. दुसऱ्या दिवशी निसर्ग वादळ आले. दापोली-मंडणगडच्या माणसाला त्या दिवसाबद्दल काही सांगावे लागत नाही. आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या, सातांपैकी एक घर आढ्यासकट खाली बसले, आणि लाईट यायला कित्येक आठवडे लागले. ती आली तेव्हा मामंजींना पडद्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली होती, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर ते गेले. वादळाच्या आदल्या रात्री ते कुणाला तरी पत्र लिहीत होते, हे मला पाच वर्षांनी एका बिघडलेल्या संगणकाच्या निमित्ताने कळले.

रात्री पुतण्याच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही फाइली एकत्र उचलल्या: लॉगिन्स डॉट जेसन आणि की-फोर डॉट डीबी, एकाच जुन्या घरातल्या, एकाच वेळी, ब्राउझर पूर्ण बंद असताना. ब्राउझर चालू असला तर बंद होताना तो आपल्याजवळचे त्यावर लिहू शकतो, म्हणून ही शेवटची अट महत्त्वाची. फायरफॉक्स उघडला. पान भरलेले होते, 143 नोंदी. मी मोठ्याने हाक मारली तेव्हा हे सुपारी सोलत बसले होते आणि अडकित्ता हातात घेऊनच आत आले.

घाईघाईने बदललेले तीन पासवर्ड तेवढे चुकीचे निघाले, कारण परत आलेल्या यादीत त्यांचे जुने रूप होते आणि नव्या यादीत साठवलेले नवे रूप मी जुनी फाइल वर ठेवून स्वतःच पुसले होते. म्हणून रेल्वेचा पासवर्ड 25 तारखेच्या रात्री पुन्हा एकदा बदलावा लागला. तिकिटे मिळाली, पाचपैकी दोन प्रतीक्षा यादीत.

बुकमार्क जागेवर असून फक्त पासवर्ड जातात त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलायचे राहिले. लाईट ऐन लिहिण्याच्या क्षणी गेली की लॉगिन्सची फाइल अर्धवट राहू शकते. मग फायरफॉक्सला ती वाचता येत नाही आणि तो तिच्या नावाला ‘करप्ट’ असे शेपूट लावून बाजूला ठेवतो. अलीकडच्या आवृत्त्या ‘लॉगिन्स-बॅकअप’ नावाची एक प्रतही शेजारी ठेवतात. प्रोफाइल फोल्डरमध्ये अशा नावाची फाइल दिसली तर ती पुसू नये, तिची आधी दुसरीकडे प्रत करावी. आणि साठवलेल्या सगळ्या पासवर्डांना कुलूप घालणारा मुख्य पासवर्ड, ज्याला पूर्वी मास्टर पासवर्ड म्हणत आणि 2020 पासून प्रायमरी पासवर्ड म्हणतात, तो लावलेला असून विसरला गेला असेल तर मात्र उपाय नाही. तो रीसेट करण्याची सोय आहे, पण रीसेट म्हणजे साठवलेले सगळे पासवर्ड पुसणे, हे तिथे लिहिलेले असते आणि ते खरे असते.

ही गोष्ट वाडीत पसरली तशी पासवर्ड हरवलेली माणसे माझ्याकडे येऊ लागली. त्यातल्या निम्म्यांचे पासवर्ड हरवलेलेच नव्हते. ‘पासवर्ड गेला’ असे म्हणताना पुष्कळांना एवढेच म्हणायचे असते की रोज आपोआप उघडणारे पान आज नाव विचारते आहे. संकेतस्थळाने आपल्याला ओळखून आत घेणे हे कुकीचे काम, आणि पासवर्ड लक्षात ठेवणे हे वेगळ्या फाइलीचे काम. कुणीतरी सफाईचे सॉफ्टवेअर चालवून कुकी पुसल्या की ओळख जाते, पासवर्ड राहतो.

खरोखर हरवलेली एक गोष्ट पाहिली ती शेजारच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींची. ते क्रोम हा दुसरा ब्राउझर वापरत. विंडोज उघडतानाचा पासवर्ड ते विसरले आणि कुणीतरी तो बाहेरून जबरदस्तीने काढून दिला. संगणक उघडला, क्रोमही उघडला, बुकमार्कही जागेवर होते. पासवर्ड तेवढे नाहीत. क्रोम विंडोजवर आपल्या डब्याची किल्ली स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो खरा, पण ती किल्ली विंडोजच्या त्या माणसाच्या खात्याने मोहोरबंद केलेली असते आणि मोहोर त्याच्या पासवर्डशी बांधलेली असते. आपण होऊन, जुना पासवर्ड देऊन, नवा लावला तर मोहोर नव्याने बसते. बाहेरून तोडला तर मोहोर कायमची अडते. म्हणूनच क्रोमची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर ठेवण्याचा काही उपयोग होत नाही. गुरुजी वाचले ते निराळ्याच कारणाने: त्यांच्या मुलाने कधीतरी त्यांच्या फोनवर तेच गूगल खाते सुरू करून सिंक, म्हणजे एकीकडचे दुसरीकडे आपोआप उतरवण्याची सोय, चालू केले होते आणि सगळे पासवर्ड फोनमध्ये होते. दुसऱ्याला आपल्या नकळत किल्लीची प्रत देऊन ठेवलेली असणे, हे एरवी भांडणाचे कारण झाले असते.

मग 2025 च्या पावसाळ्यानंतर बँकांचे प्रकरण आले. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘बँक डॉट इन’ या नव्या पत्त्यावर न्यायला सांगितले होते. त्याच्या आधी, 1 मे 2025 रोजी, विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली होती, म्हणजे आमच्याकडच्या कित्येकांच्या बँकेचे नावही बदललेले होते. ब्राउझर पासवर्ड साठवतो तो पत्त्यासकट साठवतो. पत्त्यात एका अक्षराचा फरक पडला तरी तो पासवर्ड आपण होऊन पुढे करत नाही. त्यामुळे त्या दिवसांत ‘बँकेचा पासवर्ड उडाला’ म्हणून येणाऱ्यांना मी यादी उघडून जुन्या पत्त्याखाली तो जसाच्या तसा असल्याचे दाखवत असे. ब्राउझरच्या या हट्टाचा मला राग येत नाही. बँकेसारखे हुबेहूब पान बनवून कुणी फसवायला बसला असेल तर माणसाचे डोळे फसतात, ब्राउझर मात्र पत्ता पाहतो आणि गप्प बसतो. नवा पत्ता खरा असल्याची खात्री आधी बँकेत जाऊन किंवा पासबुकावरून करावी आणि मगच पासवर्ड हाताने लिहावा, एवढे मी त्यांना बजावून सांगते. ऐकतात किती, ते निराळे.

पासवर्ड आणि फाइली यांची गंमत बरीच जुनी आहे म्हणे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 1960 च्या दशकात फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने एकाच संगणकावर अनेकांना काम करू देणारी पद्धत उभारली आणि प्रत्येकाचे काम खाजगी राहावे म्हणून पासवर्ड दिले. 1966 मध्ये तिथे दोन फाइलींची अदलाबदल झाली: आत येणाऱ्याला दाखवायचा स्वागताचा मजकूर आणि पासवर्डांची यादी. काही काळ जो कुणी आत येई त्याच्यासमोर स्वागत म्हणून सगळ्यांचे पासवर्ड उभे राहत. माझ्या फायरफॉक्सने स्वागत करून कोरे पान दाखवले, ते त्या मानाने सभ्यच म्हणायचे.

व्यवस्था म्हणून मी जे बदलले ते थोडेच आहे. यूपीएसची बॅटरी आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला, दूधवाल्याचा हिशेब करायच्या दिवशी, ब्राउझर बंद करून त्या दोन फाइलींची जोडी पेनड्राइव्हवर घेते. एक नव्हे, जोडी. तेव्हाच हेही लक्षात आले की मुख्य पासवर्ड लावलेला नसेल तर ही जोडी ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे वाचता येते, कारण डबा आणि किल्ली दोन्ही त्याच्या हातात असतात. म्हणून मुख्य पासवर्ड लावला आणि तो कागदावर लिहून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला. कागदावर पासवर्ड लिहू नये असे सगळे सांगतात. पण आमच्या देव्हाऱ्याखालचा खण उघडणारा चोर अजून जन्माला यायचा आहे आणि विसरभोळी मी मात्र कधीच जन्मले आहे. पासवर्डांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घेण्याची सोयही फायरफॉक्समध्ये आहे. ती मी एकदा वापरली, छापून घेतली आणि फाइल लगेच पुसली, कारण त्या फाइलीत काहीच झाकलेले नसते. सिंक चालू केले, परंतु त्याला मी जपणूक मानत नाही. एका ठिकाणी पुसलेले ते दुसऱ्या ठिकाणीही इमानाने पुसते.

गणपतीला भाऊजी आले, सगळी आली. पहिल्या संध्याकाळी ओटीवर किल्ल्या नेणाऱ्यांची नेहमीसारखी गर्दी झाली. सातवी किल्ली, वादळात बसलेल्या घराची, कुणी नेत नाही. त्या घराचे धनी आता थेट आमच्याकडेच उतरतात, जोत्यावर वाढलेला टाकळा काढतात आणि तिथे एक पणती लावून येतात. त्यांनी खुंटीवरची ती किल्ली पाहिली, पुठ्ठ्यावरचे अक्षर पाहिले आणि चहाची कपबशी उचलली.

मामंजींच्या ईमेलचा पासवर्ड आता माझ्यासमोर स्पष्ट दिसत होता: त्यांच्या आईचे नाव आणि घराचा जुना क्रमांक. गर्दी ओसरल्यावर एका दुपारी मी तो घालून पाहिला. उत्तर आले की असे खाते अस्तित्वात नाही. फार काळ न वापरलेली खाती ती कंपनी काढून टाकते. भाऊजी शेजारी बसले होते. म्हणाले, “वहिनी, मग ही नोंद ठेवून काय करायची?” पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘काढून टाका’ असे बटण होते. मी यादी खाली सरकवली आणि त्यांच्या परतीच्या तिकिटांसाठी रेल्वेची नोंद उघडली.